न घडलेली आवाजाची परीक्षा

धुळ्याला नोकरीला लागले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. एप्रिलच्या शेवटी कार्यमुक्तीचा कागद हातात पडायचा, जूनमध्ये पुन्हा नेमणुकीचा. मधले दिवस जळगावला आईवडिलांकडे काढायचे आणि यंदा बोलावतात की नाही याचा घोर लावून घ्यायचा. अशी चार वर्षं गेली होती.

मी राहायचे त्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की होती. तिथे पाटावर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बसायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. पट्ट्याच्या खडखडाटातही त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. एकदा मी दळण घेऊन उभी होते. मागे रेडिओवर हिंदी बातम्या चालल्या होत्या. अक्का एकदम रेडिओकडे वळून म्हणाल्या, "ग़लत म्हण बाबा, गलत नको. घशातून काढ." मग माझ्याकडे बघून हसल्या.

"अक्का, हे कुठे शिकलात?"

"भुसावळला. बाप लोको शेडमध्ये होता. शेजारच्या बाईनं उर्दू लिहा-वाचायला शिकवलं. पुढे नाटकात उपयोगी पडेल म्हणत होती."

"पडलं?"

"कसलं पडतंय. मी गेले मुक्या सिनेमात."

मला वाटलं थट्टा करताहेत. सुनेनं आतून पिशवी आणून दिली आणि म्हणाली, "खरं आहे मॅडम. आमच्या सासूबाई हिरॉईन होत्या."

पुढच्या दीड महिन्यात मी अक्कांकडे पाच-सहा वेळा गेले. गुरुवारी आमच्या भागात दिवसभर वीज नसायची, त्यामुळे चक्की बंद. त्या दिवशी अक्का मोकळ्या असत. त्यांचे मामा मुंबईच्या एका सिनेमा कंपनीत सुतारकाम करायचे. पंधराव्या वर्षी त्या मामांकडे गेल्या आणि मालकांनी त्यांना घोड्यावर बसवून बघितलं. पुढच्या चार वर्षांत सात चित्रपट. चित्रीकरण उघड्यावर, उन्हात. डोक्यावर पांढरी चादर ताणलेली आणि चेहऱ्यावर उजेड पाडायला चंदेरी पत्र्याच्या फळ्या. त्या फळ्यांच्या तिरपेनं डोळे अधू झाले ते कायमचे. त्यांना छापील अक्षर दिसत नसे. सातपैकी एकाही चित्रपटाची फीत आता कुठे उरलेली नव्हती. होता तो एक फोटो, घोड्यावरचा, कडा पिवळ्या पडलेला.

"पण मुकं काय गं?" त्या म्हणायच्या. "आम्ही बोलायचो की. तोंड हललं पाहिजे ना. प्रेमाचा प्रसंग असला की मी हिरोला अहिराणीत म्हणायची, तुझ्या तोंडाला कांद्याचा वास मारतोय, लांब हो. तो गोड हसायचा. त्याला वाटायचं, मी काही भूमिकेतलंच बोलतेय."

मग मी तो प्रश्न विचारला. बोलपट आले तेव्हा काय झालं?

"काय व्हायचं? टायफॉइड झाला. एरंडोलला बहिणीकडे येऊन पडले, तीन महिने. डोक्यावर केस राहिले नाहीत. बरी होऊन पत्र टाकलं तर कंपनीच बंद झालेली. तेवढ्यात हे स्थळ आलं. झालं."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण केस आले परत." एवढं बोलून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं.

जळगावच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी अधूनमधून लिहायचे. सणवार, भरताची वांगी, असलं काहीतरी. हा लेख मात्र मी जीव ओतून लिहिला आणि शनिवारी संपादकांच्या टेबलावर ठेवला. ते भले गृहस्थ होते. त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढला.

"फार छान. पूर्ण पान देतो. पण शेवट बसत नाहीये. टायफॉइड झाला म्हणजे काय? हे दवाखान्याच्या केसपेपरवर शोभेल. बोलपट आल्यावर मूकपटातल्या बाईचं काय झालं, हे वाचायला लोक येणार. बघा, त्यांना अजून काही आठवतंय का."

त्यांनी मला खोटं लिहा असं सांगितलं नव्हतं. हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढे बरीच वर्षं मी स्वतःला तसं सांगत आले.

मी धुळ्याला परत जाऊन अक्कांना विचारायला हवं होतं. पण पुढच्या रविवारी पान हवं असेल तर मजकूर सोमवारी सकाळी द्यावा लागणार होता. रविवारी दुपारी जळगावच्या घरी, आईच्या शिवणयंत्राच्या फळीवर कागद ठेवून मी एक परिच्छेद लिहिला. बोलपट आले. कंपनीनं अक्कांच्या आवाजाची परीक्षा घेतली. यंत्रापुढे उभं करून एक हिंदी वाक्य दिलं. 'वह आ गया है.' अक्का घाबरल्या आणि तोंडातून अहिराणीत निघून गेलं, 'तो उना शे.' सगळे हसले. यंत्रावरचा माणूसही हसला. अक्का एक शब्द न बोलता बाहेर पडल्या त्या थेट खानदेशात आल्या.

हे लिहायला मला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत, कारण ते हसणं मला ठाऊक होतं. कॉलेजात असताना मी पुण्याला वक्तृत्व स्पर्धेला गेले होते. भाषण पाठ होतं. मध्येच एक वाक्य विसरले, गडबडले आणि म्हणाले, "माझं म्हणणं असं शे की..." सभागृह हसलं. परीक्षकही हसले. मी उरलेलं भाषण न करता खाली उतरले. घरी सांगितलं की नंबर आला नाही. त्या दिवसाबद्दल मी कोणाशी कधी बोलले नव्हते. ते मी अक्कांच्या तोंडी घातलं आणि मला हलकं वाटलं. लाज नंतर वाटली. त्या रविवारी मला फक्त हलकं वाटलं.

लेख छापून आला. वर घोड्यावरचा मोठा फोटो. गुरुवारी अंक घेऊन मी अक्कांकडे गेले. त्यांनी सुनेला आणि शेजारच्या दोघींना बोलावून घेतलं. "वाच," म्हणाल्या, "मोठ्यानं."

मी वाचायला लागले. भुसावळ, मामा, घोडा, पत्र्याच्या फळ्या. अक्का मान हलवत होत्या. तो परिच्छेद जवळ आला. मी एक घोट पाणी प्यायले आणि पुढच्या परिच्छेदावर उडी मारली. लग्न, धुळं, चक्की. कोणाच्या लक्षात आलं नाही. सून घरात फारशी वाचणारी नव्हती आणि अक्कांना दिसत नव्हतं.

"टायफॉइडचं गाळलंस?" अक्का म्हणाल्या.

"जागा कमी पडली, अक्का."

"बरं झालं. आजाराचं काय सांगायचं लोकांना." त्यांनी अंकाची घडी घालून गादीखाली ठेवली.

चार महिन्यांनी मुंबईहून एक दिग्दर्शक आला. दाढीवाला, मवाळ बोलणारा, खांद्याला झोळी. मूकपटांच्या काळातल्या एका नटीच्या आयुष्यावर चित्रपट करायचा त्याच्या मनात बरीच वर्षं होतं, आणि माझा लेख कोणीतरी त्याला पाठवला होता. अक्कांना आनंद झाला. चक्की चालवणाऱ्या त्यांच्या मुलाला तर फारच, लेख न वाचताच. परवानगीच्या कागदावर सही घ्यायची वेळ आली तेव्हा दिग्दर्शकानं मला विचारलं, "लेख यांना वाचून दाखवलाय ना? त्यात आहे तेच आपण घेणार आहोत."

अक्काच म्हणाल्या, "दाखवलाय की. चांगला लिहिलाय तिनं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. अक्कांनी कागदावर आधी उर्दूत आणि मग मराठीत सही केली. दिग्दर्शक ती उर्दू सही बघून म्हणाला, "अरे वा!" आणि कागद झोळीत टाकला. ज्या बाईला हिंदी वाक्य म्हणता आलं नाही ती उर्दूत सही कशी करते, हे त्याच्या मनात आलं नाही. किंवा आलं असेल, मला माहीत नाही.

चित्रपटाचा काही भाग यावलच्या बाजूला केळीच्या बागांमध्ये चित्रित झाला. माहिती देण्यासाठी मला दिवाळीच्या सुट्टीत बोलावलं होतं. माझं नाव पडद्यावर येणार होतं. दुसऱ्या दिवशी सहायकानं मला संहिता वाचायला दिली. आवाजाची परीक्षा बरोबर मध्यावर होती आणि उरलेला सगळा चित्रपट त्या प्रसंगावर उभा होता. त्यानंतर नायिका एक शब्दही बोलत नव्हती. खानदेशात येते, लग्न करते, मूल होतं, म्हातारी होते, सगळं मुक्यानं. शेवटी चक्कीच्या आवाजात तिचे ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी दिग्दर्शकाला गाठलं. केळीच्या पानावर वरणबट्टी घेऊन तो खाली बसला होता.

"मला एक सांगायचंय. तो आवाजाचा प्रसंग... तो घडलेला नाही."

"म्हणजे?"

"मी लिहिला तो. मनानं. त्यांना टायफॉइड झाला होता."

तो बट्टी कुस्करत राहिला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"बाई," तो म्हणाला, "अर्धा चित्रपट झालाय. तुमचा लेख छापलेला आहे, त्यांची सही आहे. आता तुम्ही लेखी देणार का, की मी वर्तमानपत्रात खोटं छापलं म्हणून? शाळेत आहात ना तुम्ही?"

मी हातातली संहिता मिटली.

"आणि असं बघा. त्यांच्या बाबतीत नसेल घडलं, दुसऱ्या कोणाच्या तरी बाबतीत घडलंच असणार. शिवाय प्रसंग खरा वाटतो. इतका खरा वाटणारा प्रसंग मी गेल्या दहा वर्षांत वाचला नाही."

माझ्याच बाबतीत घडलं होतं असं म्हणता आलं असतं. म्हणाले नाही. त्या संध्याकाळच्या गाडीनं जळगावला गेले आणि सुट्टी संपेपर्यंत घराबाहेर पडले नाही. आईला वाटलं, लग्न जमत नाही म्हणून बसलेय.

पुढच्या फेब्रुवारीत मुख्याध्यापकांनी शाळेच्या फलकावर चित्रपटाची जाहिरात लावली आणि खाली माझं नाव खडूनं लिहिलं. संस्थेच्या सभेत माझं अभिनंदन झालं. त्याच सभेत माझी नेमणूक कायम झाली. चार वर्षं ज्या कागदाची वाट बघितली होती तो हातात आला, आणि तो कशामुळे आला हे मला नीट माहीत होतं.

धुळ्यातल्या एका थिएटरनं दुपारी तीनचा खास खेळ ठेवला. आधी चित्रपट, मग अक्कांचा सत्कार. पुढून तिसऱ्या रांगेत अक्का, त्यांच्या शेजारी मी, माझ्या दुसऱ्या बाजूला सून, पलीकडे मुलगा आणि मग भिंत. मी ताप आल्याचं सांगून टाळायला बघितलं होतं. पण अक्कांनी मुलाला माझ्या खोलीवर पाठवलं, "तिच्याशिवाय मी बसायची नाही."

अक्कांना छापील अक्षर दिसत नसलं तरी पडदा दिसत होता. सुरुवातीला खूश होत्या. "आमचा घोडा पांढरा होता," माझ्या कानात म्हणाल्या. "पण असू दे." नायिकेचं काम करणारी मुलगी सुंदर होती. मग आवाजाची परीक्षा आली. पडद्यावरची मुलगी यंत्रापुढे उभी राहिली. ओठ थरथरले. "तो उना शे," ती म्हणाली, आणि पडद्यावरची माणसं हसली. थिएटरमधलीही हसली. धुळ्यातली, रोज घरात 'शे' म्हणणारी माणसं.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही. हातातला रुमाल मांडीवर ठेवला आणि तो सरळ करत राहिल्या. मला पुण्याचं सभागृह आठवत होतं आणि उठून जाता येत नव्हतं. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला सून रडत होती.

मध्यंतरात दिवे लागले. मुलगा चहा आणायला गेला. अक्का सावकाश, खालच्या आवाजात म्हणाल्या. रागात असल्या की त्या अहिराणीत बोलत.

"हाई कथाईन उनं?" हे कुठून आलं, असं विचारत होत्या.

"लेखातून, अक्का."

"लेखात नव्हतं. तू वाचला."

"मी तेवढं वाचलं नाही. गाळलं."

"कोणी सांगितलं तुला असं झालं म्हणून?"

"कोणीच नाही. मी लिहिलं."

सून माझ्याकडे बघायला लागली. मी उठायला गेले. अक्कांनी माझं मनगट धरलं. त्या वयातही त्यांच्या बोटांत जोर होता.

"आठे बठ," त्या म्हणाल्या. "आता बठ्ठं बघ."

म्हणजे इथे बस आणि सगळं बघ. दिवे गेले. उरलेला सव्वा तास मी त्यांच्या हातात मनगट देऊन बसले. पडद्यावर ती मुलगी मुक्यानं भाकरी थापत होती, मुक्यानं बाळाला निजवत होती, आणि मागून हुंदके ऐकू येत होते. चित्रपट चांगला होता, हेच वाईट होतं.

नंतर सत्कार. शाल, नारळ, हार. थिएटरचे मालक ध्वनिक्षेपकासमोर म्हणाले, "अक्का आयुष्यभर मुक्या राहिल्या. आज आम्ही त्यांना विनंती करतो, एक शब्द बोला. फक्त एक. शे म्हणा." लोक टाळ्या वाजवायला लागले. ज्यांची दळणं अक्कांनी तीस-तीस वर्षं आरडाओरडा करून मोजून घेतली होती, ते सुद्धा टाळ्या वाजवत होते.

अक्का उठल्या. मुलानं हात दिला तो बाजूला केला. ध्वनिक्षेपक तोंडाजवळ न घेता त्या बोलल्या, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आधी हिंदुस्तानीत, घशातून, नुक्त्यासकट. मग शुद्ध मराठीत, मग अहिराणीत. आपला बाप कोण होता, कोणी उर्दू शिकवलं, टायफॉइड कसा झाला, केस कसे गेले. "माझ्या आवाजाची परीक्षा कोणी घेतलीच नाही," त्या म्हणाल्या. "घेतली असती तर मी पास झाले असते. मी मुकी नव्हते आणि नाही."

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता सगळं उघड झालं. माझं जे व्हायचं ते होवो, पण संपलं.

तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. बायका पदरानं डोळे टिपत होत्या. मालक गहिवरून म्हणाले, "पन्नास वर्षांनी! पन्नास वर्षांनी या माउलीला वाचा फुटली!"

अक्का हात वर करून थांबा, थांबा म्हणत होत्या. लोकांना वाटलं, आशीर्वाद देताहेत.

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच मथळा होता. टायफॉइडचा उल्लेख नव्हता. मी संपादकांकडे जाऊन खुलासा लिहून दिला, माझ्या सहीचा. त्यांनी तो वाचून परत माझ्यापुढे सरकवला.

"बाई, हे छापलं तर तुम्ही खोट्या, आम्ही खोटे, कालचा सत्कार खोटा. लोक रडलेत काल. कोणासाठी छापायचं?"

"अक्कांसाठी."

"त्यांना विचारा, आता हे हवंय का."

मी धुळ्याला आले आणि विचारलं. अक्का चक्कीत पाटावर बसल्या होत्या. दोन दिवसांत त्यांना बघायला जामनेरपासून माणसं येऊन गेली होती. त्यांच्याशी सगळे मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलत होते, बहिऱ्याशी बोलावं तसं.

"खुलाशाचं काय करू?" त्या म्हणाल्या. "परवा मी स्वतः बोलले, तो काय खुलासा नव्हता? आता मी कितीही ओरडले तरी मुकीच बोलतेय असं वाटणार लोकांना." मग म्हणाल्या, "तुला सुचलं कसं ते?"

मी त्यांना पुण्याचं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी. चक्की चालू होती, मला दोनदा सांगावं लागलं.

ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मग तुझं होतं ते तुझ्या नावावर सांगायचं होतंस ना, पोरी. माझं मला ठेवायचंस."

मला वाटलं, आता म्हणतील, परत येऊ नकोस. म्हणाल्या, "गुरुवारी ये. वही आण."

पुढची पावणेपाच वर्षं, मी धुळ्यात असेन त्या प्रत्येक गुरुवारी शाळा सुटल्यावर अक्कांकडे जायचे आणि त्या सांगतील ते लिहायचे. एका अर्थी ती शिक्षा होती. लग्न ठरलं तेव्हाही मी सासरी आधी गुरुवारचं सांगितलं. त्या सांगायच्या ते बहुतेक कंटाळवाणं होतं. स्टुडिओत दुपारी काय जेवायचे, कोणत्या घोड्याला कोणती खोड होती, पिवळी पावडर चेहऱ्यावरून उतरवायला कोणतं तेल चांगलं. मी एखादं वाक्य सजवलं की त्या थांबवायच्या. वाचून दाखवायला लावायच्या आणि शब्द न् शब्द ऐकायच्या. "हे मी म्हटलं?" विचारायच्या. मी खोडायचे. आणि मध्येच कोणी पाहुणा आला की मला उठू द्यायच्या नाहीत. पाहुणा आवाजाच्या परीक्षेचं विचारायचा. अक्का माझ्याकडे बोट दाखवायच्या. "हिला विचारा. हिला जास्त माहिती आहे." मग मला सांगावं लागायचं की असं काही झालंच नाही. पाहुणा समजूतदारपणे हसायचा. काही जण जाताना मला म्हणायचे, त्यांच्या मनाला अजून लागतं वाटतं, म्हणून तुम्ही नाही म्हणता.

त्या चित्रपटाला बक्षीस मिळालं. मग तो एका रविवारी टीव्हीवर लागला आणि ज्यांनी थिएटरमध्ये पाहिला नव्हता त्या सगळ्या खानदेशानं पाहिला. माझ्या नवऱ्यानंही. त्यानं विचारलं, मी खरं सांगितलं, तो म्हणाला, "मग काय झालं? सिनेमा आहे तो."

तीन वह्या भरल्या. एकाही प्रकाशकाला त्या नको होत्या. एकानं कळवलं, चित्रपटातली ती घटना घेऊन पुन्हा लिहिलं तर विचार करू. ते पत्र मी अक्कांना वाचून दाखवलं, काहीही न गाळता. त्या हसल्या, अगदी खळखळून.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अक्का गेल्या. साधा न्यूमोनिया. श्रद्धांजलीचा लेख संपादकांनी माझ्याकडेच मागितला. संपादक आता नवे होते. मी आजार, एरंडोल, बंद पडलेली कंपनी, सगळं लिहिलं, आणि आवाजाची गोष्ट माझी कल्पना होती हेही लिहिलं. रविवारी अंक उघडला. ते वाक्य गाळलेलं होतं. वर मथळा होता, 'मौनाचा अंत'. मी फोन केला. "जागा कमी पडली, मॅडम," ते म्हणाले.

दोन-तीन वर्षांनी विद्यापीठात मूकपटांवर प्रबंध लिहिणारी एक मुलगी जळगावला माझ्या घरी आली. तोवर माझी बदली जळगावच्या शाखेत झाली होती. मी तिला वह्या दिल्या, दोन दिवस घरी ठेवून घेतलं, जे घडलं ते सगळं सांगितलं. ती हुशार होती, प्रामाणिकही. वर्षभरानं तिनं प्रबंधाची प्रत पाठवली. अक्कांवर दीड पान होतं. त्यात लिहिलं होतं, 'त्यांच्या निवृत्तीच्या कारणाबाबत दोन कथा प्रचलित आहेत.' एक आजाराची आणि एक आवाजाची. दोन्हींना सारख्याच ओळी.

मी तिला पत्र लिहून विचारलं, दुसरी मी रचली असं मीच सांगतेय, तरी दोन कशा? तिचं उत्तर सविनय होतं. छापील पुरावा दुसऱ्या कथेचा अधिक आहे, आणि तुमचं म्हणणं मी तळटीपेत दिलं आहे. मी तळटीप शोधली. होती.

त्या आठवड्यात नववीच्या वर्गावर माझा एक मोकळा तास आला. मी वह्या घेऊन गेले आणि मधलं एक पान वाचलं. घोडा बुजला, अक्का केवड्याच्या बनात पडल्या आणि पडल्या पडल्याच कॅमेऱ्याकडे बघून हसल्या, ते पान. मुली खूप हसल्या. मग मागच्या बाकावरच्या एकीनं हात वर केला.

"मॅडम, म्हणजे हे त्या मुक्या व्हायच्या आधीचं ना?"

"त्या मुक्या झाल्याच नाहीत."

"पण मी पाहिलाय सिनेमा. आमच्या घरी सगळ्यांनी पाहिलाय."

बाकीच्या माना हलल्या. तास संपायला पंचवीस मिनिटं होती. मी वही मिटली, टेबलाला टेकून उभी राहिले आणि शिवणयंत्राच्या फळीवरच्या त्या दुपारपासून सांगायला सुरुवात केली. मुली शांत बसून ऐकत होत्या. त्यांतल्या किती जणींनी ते खरं धरलं, हे मी त्यांना विचारलं नाही.